मुंबईत नव्याने आलेल्यांसाठी: कलेचे परिसर पायी पाहण्याची एक वाट

नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी मुंबईत आलेल्या माणसाची पहिली काही वर्षे बहुधा घर, स्टेशन आणि कचेरी या तीन ठिकाणांतच जातात. गावाकडून कोणी पाहुणे आले की गेट वे, चौपाटी आणि सिद्धिविनायक एवढे दाखवून होते, आणि मुंबई पाहिली असे आपणही समजून चालतो. कलादालने, संग्रहालये, नाट्यगृहे वाटेत दिसत असतात. पण ती आपल्यासाठी नाहीत, तिथे शिरायला काहीतरी ओळख, ज्ञान किंवा निदान चांगले कपडे लागत असावेत, असा संकोच मनात असतो. मी स्वतः जहांगीर कलादालनाच्या पायऱ्यांपाशी दोनदा जाऊन परत फिरलो होतो. तिसऱ्या वेळी पावसाची जोरदार सर आली, आडोशासाठी म्हणून आत शिरलो आणि दीड तासाने बाहेर आलो. तेवढ्या वेळात मला कोणी काहीही विचारले नाही. तो संकोच मोडावा आणि पाहण्याला थोडा क्रम यावा, यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे.

निघण्यापूर्वी

पहिला नियम असा की एका दिवशी एकच परिसर पाहावा. दक्षिण मुंबई नकाशावर लहान दिसते, त्यामुळे सकाळी संग्रहालय, दुपारी भायखळा आणि संध्याकाळी गिरगाव असा बेत सहज आखला जातो. प्रत्यक्षात पायांचे तुकडे पडतात आणि लक्षात काहीच राहत नाही. खाली सांगितलेली वाट चार-पाच सुट्यांमध्ये विभागून घ्यावी. त्यासाठी दोन महिने लागले तरी हरकत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चालण्यासाठी उत्तम असतो. एप्रिल-मेमध्ये चालण्याचा भाग सकाळी नऊच्या आत उरकावा आणि उन्हाची वेळ संग्रहालयात काढावी. पावसाळ्यात छत्रीपेक्षाही न घसरणारी चप्पल महत्त्वाची, कारण फोर्ट भागातल्या जुन्या फरशा ओल्या झाल्या की पाय टिकत नाही.

साप्ताहिक सुटीचे वार आधीच पाहून ठेवावेत. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असते, तर भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी. सणावारी यांत बदल होतो, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी संस्थेच्या संकेतस्थळावर वेळ पडताळून घ्यावी. सोबत सरकारी ओळखपत्र, पाण्याची बाटली आणि एक छोटी वही असावी. वही कशासाठी, ते पुढे येईलच.

प्रवासासाठी लोकल पुरेशी आहे. पश्चिम रेल्वेने येणाऱ्यांनी चर्चगेटला आणि मध्य किंवा हार्बर मार्गाने येणाऱ्यांनी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरावे. दोन्हीकडून काळा घोडा हा आपला पहिल्या दिवसाचा परिसर साधारण वीस मिनिटांच्या चालीवर आहे. २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झालेल्या भुयारी मेट्रोमुळे आता हुतात्मा चौक आणि गिरगाव ही स्थानकेही हाताशी आली आहेत, आणि उपनगरातून येणाऱ्याची गर्दीतली निम्मी दमछाक वाचते. सुटीचा दिवस नसेल, तर सकाळी अकरानंतर निघून संध्याकाळी पाचच्या आत परतीची गाडी पकडावी, किंवा सरळ आठनंतर परतावे.

पहिला दिवस: काळा घोडा

सुरुवात इथूनच करावी, कारण पाच-सात मिनिटांच्या अंतरात एवढ्या कलासंस्था मुंबईत दुसरीकडे कुठेही नाहीत.

आधी नावाचा उलगडा करून घ्यावा. सातव्या एडवर्डचा, तो प्रिन्स ऑफ वेल्स असतानाचा, घोड्यावर बसलेला ब्राँझचा पुतळा १८७९ मध्ये इथे उभारला गेला. तो अल्बर्ट अब्दुल्ला ससून यांनी शहराला भेट दिला होता. लोकांनी राजपुत्राचे नाव बाजूला ठेवून परिसराला घोड्याचे नाव दिले. १९६५ मध्ये पुतळा हलवण्यात आला, तरी नाव राहिले, आणि २०१७ मध्ये त्याच परिसरात नवा काळा घोडा उभा राहिला. या घोड्यावर स्वार नाही. त्याच्यासमोर उभे राहून ही गोष्ट मनात ठेवावी, कारण जुना घोडा आपल्याला तिसऱ्या दिवशी भेटणार आहे.

तिथून जहांगीर कलादालनात जावे. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून, त्यांच्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ हे दालन बांधले गेले आणि १९५२ मध्ये सुरू झाले. प्रवेश विनामूल्य आहे. नाव लिहावे लागत नाही आणि कपड्यांकडे कोणी पाहत नाही. इथली प्रदर्शने बहुधा मंगळवारी सुरू होऊन पुढच्या सोमवारी संपतात, त्यामुळे दर आठवड्याला भिंतींवर नवी चित्रे असतात. दालन मिळवण्यासाठी चित्रकाराला वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. म्हणजे जे चित्र आपण अर्ध्या मिनिटात ओलांडून पुढे जातो, त्यामागे चित्र रंगवण्याचे श्रम आणि ते टांगायला भिंत मिळण्याची प्रतीक्षा असे दोन्ही असते.

नवख्या माणसाने इथे कसे वागावे, हे जरा सविस्तर सांगतो, कारण अडचण इथेच येते. आत गेल्यावर आधी दालनाला एक पूर्ण फेरी मारावी, कुठेही न थांबता. दुसऱ्या फेरीत, ज्या दोन-तीन चित्रांनी पाय धरून ठेवला असेल त्यांच्यापुढेच थांबावे. प्रथम चार-पाच पावले मागे उभे राहून चित्र अख्खे पाहावे, मग जवळ जाऊन रंगाचा थर पाहावा: तो पातळ वाहिलेला आहे, सुरीने लिंपलेला आहे, की कोरड्या कुंचल्याने घासलेला आहे. शेजारच्या पट्टीवर चित्राचे नाव, माध्यम आणि आकार लिहिलेला असतो. पट्टीशेजारी लाल टिकली दिसली तर ते चित्र विकले गेले आहे असे समजावे. दालनाच्या एका कोपऱ्यात टेबल असते, त्यावर अभिप्रायाची वही आणि टेबलामागे बहुतेक वेळा स्वतः चित्रकार. त्यांच्याशी बोलावे. ‘याचा अर्थ काय’ असे विचारण्याऐवजी ‘हे चित्र तुम्ही कुठून सुरू केले’ असे विचारले, तर बहुतेक चित्रकार खुलतात. गडचिरोली, कोल्हापूर किंवा सावंतवाडीहून चित्रे गुंडाळून आणलेला एखादा चित्रकार आठवडाभर तिथे बसलेला असतो, आणि आपल्या बोलीत विचारणारे कोणी भेटले याचा त्याला मनापासून आनंद होतो. निघताना वहीत दोन ओळी लिहाव्यात. ‘छान’ एवढे लिहू नये. कोणते चित्र आवडले ते लिहावे.

तळमजल्यावरची दालने झाली की वर जाऊन हिरजी जहांगीर दालन पाहावे. पूर्वी या इमारतीत ‘समोवार’ नावाचे छोटे उपाहारगृह होते. १९६४ पासून २०१५ पर्यंत चित्रकारांच्या कित्येक पिढ्यांनी तिथे चहावर दिवस काढले. बाहेर आल्यावर पदपथाकडेही लक्ष द्यावे, कारण आतले दालन न मिळालेले कितीतरी चित्रकार आपले काम बाहेर मांडतात. विद्यार्थ्याच्या खिशाला परवडेल असे मूळ चित्र घ्यायचे असेल तर ते इथे मिळते. समोर बसून कागदावर व्यक्तिचित्रही काढून मिळते, मात्र भाव आधी ठरवून घ्यावा.

मागच्याच आवारात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. त्याची पायाभरणी १९०५ मध्ये झाली, इमारत १९१४ मध्ये पूर्ण झाली, पहिल्या महायुद्धात तिचा लष्करी रुग्णालय म्हणून वापर झाला आणि ती लोकांसाठी १९२२ मध्ये उघडली. वास्तुशिल्पी जॉर्ज विटेट यांनी घुमटासाठी विजापूरचा गोलघुमट डोळ्यांसमोर ठेवला. भिंतींना कुर्ल्याचा काळसर आणि मालाडचा पिवळसर दगड वापरला. आत मध्यभागी जे कोरीव लाकडी काम दिसते, ते नाशिकच्या एका वाड्यातून आणलेले आहे. संग्रह इतका मोठा आहे की सगळे पाहण्याचा हट्ट धरला तर डोके जड होते. पहिल्या भेटीत तळमजल्यावरचे शिल्पदालन, तिथली सिंधमधल्या मीरपूरखासच्या स्तूपावरची भाजलेल्या मातीची शिल्पे आणि वरच्या मजल्यावरची लघुचित्रे एवढेच पाहावे. लघुचित्रांपुढे मात्र घाई करू नये. ही चित्रे हातात धरून पाहण्यासाठी काढलेली असतात, त्यामुळे काचेला नाक लागेल इतके जवळ गेल्याशिवाय झाडाची पाने, पदराची किनार आणि पाण्यातली बदके वेगळी दिसत नाहीत. छायाचित्रांचे नियम तिकीट घेतानाच विचारून घ्यावेत.

रस्ता ओलांडला की राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय लागते. ही इमारत म्हणजे १९११ चे सर कावसजी जहांगीर सभागृह. जिथे सभा आणि मैफली होत, तिथे १९९६ पासून आधुनिक भारतीय चित्रकला पाहायला मिळते. गोलाकार जिन्याने एकेक पातळी चढत आपण थेट घुमटाखाली पोहोचतो. हुसेन, रझा, सूझा, आरा, गाडे आणि बाकरे या कलावंतांनी १९४७ मध्ये मुंबईत ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ स्थापन केला, आणि त्या चळवळीचा बराचसा वावर याच परिसरात होता. वासुदेव गायतोंडे यांच्यासारख्या चित्रकाराचे काम कधी प्रदर्शनात असेल, तर त्यासाठी वेगळी खेप करावी. त्यांच्या चित्रासमोर पहिली दोन मिनिटे काहीच घडत नाही असे वाटते. तिथे बाक असेल तर बसून राहावे. हळूहळू एका रंगाच्या आत दुसरा रंग दिसू लागतो.

एवढे झाल्यावर पाय दुखायला लागलेले असतात. उरलेला परिसर बाहेरूनच पाहावा. डेव्हिड ससून ग्रंथालयाची पिवळ्या दगडाची इमारत १८७० च्या सुमाराची आहे. निळ्या रंगाचे केनेसेथ एलियाहू हे १८८४ चे यहुदी प्रार्थनामंदिर मागच्या गल्लीत आहे. तेथे जायचे तर ओळखपत्र लागू शकते. जवळच एस्प्लनेड मॅन्शन ही लोखंडी सांगाड्याची जुनी, खंगलेली इमारत आहे, म्हणजेच पूर्वीचे वॉटसन हॉटेल. ७ जुलै १८९६ रोजी इथे ल्युमिए बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली, तिकीट एक रुपया. भारतात सिनेमा प्रथम पाहिला गेला तो या भिंतींच्या आत. याच चौकातल्या, आता अस्तित्वात नसलेल्या ‘वेसाइड इन’ या उपाहारगृहात कवी अरुण कोलटकर खिडकीशी बसून समोरची वर्दळ न्याहाळत असत. थोडा वेळ चौकाच्या कडेला नुसते उभे राहून पाहिले, तरी त्यांना काय दिसत असेल याची कल्पना येते.

काळा घोडा कला महोत्सव १९९९ पासून भरतो, साधारण जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला, नऊ दिवस. तिथे जरूर जावे. पण या परिसराची पहिली ओळख महोत्सवात करून घेऊ नये. गर्दीत माणसांची डोकी दिसतात आणि इमारती राहून जातात.

दुसरा दिवस: ओव्हल मैदान ते जे. जे.

हा दिवस रविवारी सकाळचा असावा. फोर्टमधल्या कचेऱ्या बंद असतात आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहून वर पाहता येते. इतर दिवशी ते शक्य होत नाही.

ओव्हल मैदानाच्या मध्यावर उभे राहावे. पूर्वेकडे तोंड केले की उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई मनोरा अशी एकोणिसाव्या शतकातली दगडी, टोकदार कमानींची रांग दिसते. मनोऱ्याचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, पैसा कापसाच्या व्यापारात श्रीमंत झालेले प्रेमचंद रायचंद यांचा आणि नाव त्यांच्या आईचे. १८७८ मध्ये तो पूर्ण झाला. त्याच्या वरच्या भागावर पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातिसमाजांच्या माणसांच्या मूर्ती आहेत. डोळ्यांना स्पष्ट दिसत नसतील तर मोबाईलचा कॅमेरा मोठा करून पाहाव्यात, पगड्यांचे प्रकार ओळखू येतात.

आता जागच्या जागी पाठ फिरवावी. पश्चिमेकडे १९३० च्या दशकात, समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर बांधलेल्या आर्ट डेको इमारती आहेत. गोलाकार कोपरे, खिडक्यांवर भुवईसारखे छज्जे, बोटीच्या कठड्यासारख्या गच्च्या, फाटकांवर उगवत्या सूर्याची जाळी. या दोन्ही रांगांना मिळून २०१८ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. एकूण ९४ इमारती त्यात आहेत. पश्चिमेच्या रस्त्याने सावकाश चालत प्रत्येक इमारतीच्या नावाची अक्षरे पाहावीत. प्रत्येकीचे वळण निराळे आहे. वही सोबत घ्यायला सांगितली ती इथे उघडावी: दोन-तीन फाटकांची नक्षी वहीत उतरवून पाहिली की छायाचित्र काढताना जे दिसले नाही ते हाताला कळते. चित्र चांगले येण्याची गरज नाही. या इमारतींत लोक राहतात, म्हणून आवारात मात्र शिरू नये.

तिथून हुतात्मा चौकात यावे. १८६४ चे फ्लोरा फाउंटन आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचे स्मारक, मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार, शेजारी शेजारी आहेत. पुढे पूर्वेला हॉर्निमन सर्कल ओलांडले की १८३३ चा टाउन हॉल दिसतो. त्याच्या तीस पायऱ्या चढून गेल्यावर एशियाटिक सोसायटी लागते. महामहोपाध्याय पां. वा. काणे आणि दुर्गाबाई भागवत यांच्यासारख्या अभ्यासकांची आयुष्ये या वाचनालयाशी जोडलेली होती. रविवारी दार बंद असले, तरी पायऱ्यांवर बसायला मनाई नसते. मला मुंबईतली सर्वांत शांत बैठक हीच वाटते.

उत्तरेकडे चालत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपाशी यावे. रोज इथूनच गाडी पकडणाऱ्यांनी आज गाडी पकडायची नाही, रस्त्याच्या पलीकडे उभे राहायचे. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्याप्रमाणे १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत ही इमारत उभी राहिली आणि २००४ मध्ये ती जागतिक वारसा ठरली. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ. घुमटाच्या टोकावर प्रगतीची मूर्ती. भिंतींवर दगडातली पाने, पक्षी आणि प्राणी कोरलेले आहेत, आणि त्या नक्षीकामात जवळच्याच जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. म्हणजे मुंबईतल्या कलाशिक्षणाची एक मोठी जुनी परीक्षा या स्टेशनाच्या भिंतीवर आजही लिहिलेली आहे, आणि तिच्याखालून रोज लाखो माणसे जातात.

ती कलाशाळा म्हणजे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून ती १८५७ मध्ये सुरू झाली. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे मोठे काम जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली इथल्याच विद्यार्थ्यांनी केले. महादेव विश्वनाथ धुरंधर इथे शिकले आणि इथेच शिक्षक झाले. घराघरांतल्या देवादिकांच्या आणि शिवचरित्रातल्या चित्रांमधून मराठी माणूस त्यांना नकळत ओळखत असतो. एरवी आवारात जायला परवानगी लागते. वार्षिक प्रदर्शनाच्या दिवसांत मात्र सर्वांना आत जाता येते, म्हणून त्या तारखांवर लक्ष ठेवावे. झाडांच्या सावलीतला तो परिसर आणि वर्गांत मांडलेले विद्यार्थ्यांचे ताजे काम मला कित्येक मोठ्या प्रदर्शनांपेक्षा अधिक जिवंत वाटते.

समोरच महात्मा जोतिबा फुले मंडई, म्हणजे जुने क्रॉफर्ड मार्केट आहे. तिथे शिरण्यापूर्वी दारांवरच्या कमानींकडे पाहावे. त्यांवरची उठावशिल्पे जे. जे. मधले शिक्षक लॉकवुड किपलिंग यांची आहेत. भाजीच्या टोपल्या घेऊन जाताना वर पाहायला सवड कुणालाच नसते.

तिसरा दिवस: भायखळा

हा दिवस छोटा आहे, आणि मुले असतील तर सर्वांत सोयीचा. भायखळा स्टेशनाच्या पूर्वेला उतरून पायी जिजामाता उद्यान, म्हणजे राणीची बाग गाठावी. बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ मध्ये उघडलेले हे मुंबईतले सर्वांत जुने संग्रहालय. ते उभे राहावे म्हणून नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी यांनी खूप खटपट केली, आणि १९७५ मध्ये त्याला भाऊंचे नाव मिळाले. आत हिरव्या-सोनेरी रंगांचे छत, लोखंडी खांब आणि जुन्या मुंबईचे नकाशे व मातीच्या लहान प्रतिकृती आहेत. शहरातले निरनिराळे समाज, त्यांची पागोटी, त्यांचे व्यवसाय, सारे वीतभर उंचीच्या बाहुल्यांमधून मांडलेले आहे. ही मुंबई पाहिली की दुसऱ्या दिवशी राजाबाई मनोऱ्यावर पाहिलेल्या मूर्तींचा संदर्भ लागतो.

बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. घारापुरी बेटाला पोर्तुगिजांनी ‘एलिफंटा’ नाव दिले ते याच्यामुळे. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला, उचलताना तो पडून फुटला आणि पुढे त्याचे तुकडे जोडून इथे उभा केला गेला. सांध्यांच्या रेषा नीट पाहिल्या तर दिसतात. आणि इथल्याच बागेत तो मूळचा काळा घोडा आहे, स्वारासकट. पहिल्या दिवशी रिकाम्या पाठीचा घोडा पाहिलेला असेल, तर या भेटीला अर्थ येतो.

चौथा दिवस: गिरगाव

चर्नी रोडला उतरावे, किंवा मेट्रोने थेट गिरगावला. इथे तिकिटाची खिडकी नाही, फलक फारसे नाहीत, आणि पाहायचे ते गल्ल्यांमध्ये दडलेले आहे.

खोताच्या वाडीपासून सुरुवात करावी. लाकडी दुमजली घरे, ओसऱ्या, बाहेरून चढणारे जिने आणि वळणावरचा क्रूस. वाडीला नाव हिंदू खोतांचे आणि वस्ती मुख्यतः ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्याच मूळच्या मराठीभाषक ख्रिस्ती कुटुंबांची. मालवणी वाटावे असे उतरते छप्पर आणि पोर्तुगीज धाटणीची खिडकी एकाच घरात दिसते. इथले रहिवासी पाहुण्यांना कंटाळलेले असतात आणि ते साहजिक आहे. दोन-तीनपेक्षा जास्त जणांनी एकत्र जाऊ नये, दारात किंवा खिडकीत कॅमेरा रोखू नये, आणि ओसरीवर कोणी बसलेले असेल तर आधी नमस्कार करून मगच विचारावे. मला एकदा अशाच एका आजींनी, ‘फोटो काढ, पण घराचा काढ, माझा नको,’ असे सांगून वर पाणी विचारले होते.

केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव साजरा होतो. भव्य देखाव्यांच्या गर्दीतून इथे आले की छोटी मूर्ती आणि साधी आरास पाहून मन निवते. गुढीपाडव्याच्या सकाळची गिरगावची शोभायात्राही पाहण्यासारखी असते. त्या दिवशी सात वाजता हजर राहिले तरच जागा मिळते.

रॉयल ऑपेरा हाऊसचे उद्घाटन १९११ मध्ये झाले. नाटक, मग सिनेमा, मग १९९३ पासूनची टाळेबंदी असे सारे पाहून ते २०१६ मध्ये पुन्हा उघडले. नुसते पाहायला आत जाता येईलच असे नाही, म्हणून एखाद्या कार्यक्रमाचे तिकीट काढावे आणि अर्धा तास आधी पोहोचून छत पाहून घ्यावे. केळेवाडीत मुंबई मराठी साहित्य संघ आहे. १९३५ पासूनची ही संस्था आणि तिचे डॉ. अ. ना. भालेराव नाट्यगृह मराठी रंगभूमीच्या माणसाला माहेरासारखे आहे. याच गिरगावात, आता नसलेल्या कॉरोनेशन थिएटरात, ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. वॉटसन हॉटेलातल्या त्या एक रुपयाच्या खेळानंतर सतरा वर्षांनी, तिथून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर.

उपनगरांबद्दल थोडक्यात सांगतो. वांद्र्याच्या चॅपल रोडवर आणि रणवार गावठाणात भिंतींवर मोठी चित्रे आहेत. ती बदलत राहतात, म्हणून जाल तेव्हा नवे काही दिसेल. जुहूचे पृथ्वी थिएटर १९७८ चे, सुमारे दोनशे जागांचे. तीन बाजूंनी प्रेक्षक आणि मध्ये नट. उशीर झाला तर तिथे आत सोडत नाहीत, तिकीट हातात असले तरीही. उपनगरांत नसले तरी नरिमन पॉइंटचे नाव इथेच सांगतो: तिथल्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये, म्हणजे एनसीपीएमध्ये, विनामूल्य कार्यक्रमही होतात आणि ‘प्रतिबिंब’ हा मराठी नाट्यमहोत्सवही होतो.

शेवटची संध्याकाळ: दादरचे नाटक

मराठी वाचकासाठी ही वाट नाट्यगृहाशिवाय पुरी होत नाही. दादरचे शिवाजी मंदिर, माटुंग्याचे यशवंत, प्रभादेवीचे रवींद्र आणि पार्ल्याचे दीनानाथ ही नावे आधी पाठ करावीत, कारण वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत पूर्ण पत्ता नसतो. ‘शनि. दु. ४, शिवाजी मंदिर’ एवढेच असते. खेळ बहुधा शनिवारी-रविवारी असतात. तिकिटे ॲपवर मिळतात, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने नाट्यगृहाच्या खिडकीवर जाऊन प्लॅन, म्हणजे खुर्च्यांचा नकाशा, पाहून तिकीट काढावे. खिडकीवरचा माणूस कोणत्या रांगेतून नीट दिसेल ते सांगतो. बाल्कनी स्वस्त असते आणि तिच्या पहिल्या दोन रांगांतून रंगमंच उत्तम दिसतो.

दादरला दुपारीच जावे. स्टेशनाजवळच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७० च्या दशकात ‘आविष्कार’ आणि इतर संस्थांनी प्रायोगिक नाटकाची चळवळ चालवली, ती इमारत पाहावी. मग पुस्तकांच्या दुकानांत तासभर काढावा.

नाट्यगृहात पंधरा मिनिटे आधी पोहोचावे. तिसरी घंटा झाली की पडदा उघडतो. त्याआधी मोबाईल बंद करावा, नुसता मुका करून ठेवू नये, कारण अंधारात उजळलेला पडदा नटाला रंगमंचावरून दिसतो. मध्यंतरात शिवाजी मंदिरचा बटाटावडा खाण्याची जुनी रीत आहे. रांग लांब असते, म्हणून पहिला अंक संपताच उठावे.

नाटक संपल्यावर घाईने बाहेर पडू नये. मराठी रंगभूमीवर प्रेक्षकांनी आत जाऊन कलाकारांना भेटण्याची पद्धत आहे. रंगमंचाच्या बाजूच्या दाराशी चार माणसे थांबलेली दिसतील, त्यांच्यात उभे राहावे. नट तोंडावरचा रंग पुसत बाहेर येतात, थकलेले असतात, तरी थांबतात. तिथे कोणता प्रसंग मनाला भिडला, तेवढे एक वाक्य सांगावे. स्वाक्षरी किंवा छायाचित्र त्यानंतर मागावे.